पंचशीलाच्या पुढचं

३ फेब्रु.
आज डोकं बरं. नाक मेलेलंच. सुकटीचं कालवण काय आणि गरम पाणी काय, सारखंच. सुमन शेजारच्या आक्काला सांगत होती, "यांना काय पण वाढा, खातात." बायको आहे, खरंच बोलणार.
मुरबाडच्या कंपनीत क्रेनचा हूक डोक्यात बसला, त्याला दीडेक वर्ष झालं. हेल्मेटं होती की! साहेबलोक बघायला आले की मिळायची.

७ फेब्रु.
निशाचं ठरलं. मुलगा शहापूरचा, नोकरीवाला. लग्न मीच लावणार. गावचा बौद्धाचार्य मी. टोकावड्याकडची निम्मी लग्नं माझ्या तोंडून लागली, आणि पोटच्या पोरीचं दुसऱ्याने लावायचं? सुमनने विषय बदलला. निशा बोलली, "पप्पाच लावणार. नायतर मी उभीच राहणार नाय." माझी वाघीण.

१५ फेब्रु.
सराव म्हणून खालच्या आळीतलं लग्न घेतलं. पांढरे कडक कपडे. त्रिसरण, पंचशील खणखणीत. लग्न असो की मयत, इथपर्यंत सारखंच. पुढे वेगळं. मी मयताची गाथा धरली. नवरानवरी हार घेऊन उभे आणि मी त्यांना पोचवतोय. कळलंच नाही. चाल छान लागली होती. नवरीच्या आईने किंकाळी फोडली तेव्हा थांबलो.
मागून कोणीतरी, "या येड्याला कोनी उभा केला रे?"
कोणीतरी कसला, सुभाष. सख्ख्या भावाचा आवाज ओळखतो मी.

१७ फेब्रु.
मोबाईलवर व्हिडिओ फिरतोय. नाक्यावरची तरणी पोरं मला बघून तीच गाथा म्हणतात. एकाला धोंडा मारला. चुकला. वाईट वाटलं, चुकला म्हणून.

२२ फेब्रु.
शहापूरची माणसं आली. व्हिडिओ बघूनच आलेली. व्याही माझ्याशी मोठ्याने बोलत होता, मी बहिरा असल्यासारखा. "दादा, तुमी आराम करा. उगाच दगदग कशाला?" सुभाष लगेच, "लग्न लावायला भातसानगरचा माणूस सांगितलाय मी. यांना घरीच ठेवू." मी समोर बसलेलो. ठेवू म्हणे. पाटा-वरवंटा आहे मी.
तांब्या उचलला आणि फेकला सुभाषवर. निशा मध्ये आली. भुवई फुटली, टाके पडले. व्याह्याला जे बघायचं होतं ते बघायला मिळालं.

२३ फेब्रु.
निशाची माफी मागायला गेलो. तोंडातून आलं, "मधी कशाला कडमडलीस?" मनात एक, तोंडात भलतंच. हल्ली असंच. डॉ. म्हणतात, सुधारेल. कधी ते नाही म्हणत.

१ मार्च
रोज गोठ्यात सराव. म्हशीचं लग्न लावतो. तिच्यापुढे एकदाही चुकलो नाही.
आज निशा गोठ्यात आली. म्हटलं शाबासकी देते. "पप्पा, तुमी लग्नाला नका येऊ." डोळ्यात डोळे घालून.
मी बोललो, "मर जा."
हे मात्र मनात होतं तेच आलं. नंतर मीच भिंतीवर डोकं आपटत बसलो, आपटायचं नाही असं सांगितलेलं असून.

८ मार्च
आज लग्न. शहापूरला, हॉलवर. गाडी दारात सकाळपासून. माझ्यावर नजर ठेवायला आक्काला बसवलंय.
निघता निघता निशा आत आली. पांढरी साडी, टाक्यांवर पावडर. दार लोटलं. "पप्पा, हितंच म्हणा. माझ्यापुरतं." आणि गुडघ्यावर बसली, हात जोडून. सगळ्यांना चोरून आली माझ्याकडे. रडायला आलं मला.
त्रिसरण घेतलं. पंचशील घेतलं. आवाज जुन्यासारखा लागला. मग
पुढचं आठवत नाही. चाल चालू होती एवढंच. थांबलो तर तिचं तोंड ओलंचिंब. सासरी जाताना मुली रडतातच. उठून गेली.
सुमन दारातच होती. तिने सगळं ऐकलं.
"मी कंचं म्हटलं गो?"
"डाळभात झाकून ठेवलाय. टायमावर खा."
"सुमन, लग्नाचं ना? लग्नाचंच ना?"
गाडीत जाऊन बसली. गाडी गेली.
आक्काला विचारलं. म्हणते, "मला काय कळतं बाबा त्यातलं?"
गावातलं एक लग्न की एक मयत सोडलेलं नाही आक्काने.