शिमल्याचा निळा स्वेटर

ती. आईंना आनंदीचा वाकून नमस्कार.

आम्ही दोघी सुखरूप पोचलो. तुमच्या लेकीने, नेहाताईने, हट्टाने आणलं ते बरंच झालं. थंडी आहे, पण मी जेवतेय. तिकडे गोडदेवला घरी पाणी येतंय ना?

फोनवर सांगवेना म्हणून लिहितेय. काल बाजारात मी पुरुषांच्या एका स्वेटरवर हात फिरवत होते. दुकानदाराने विचारलं, "भाईसाब का साइज?"

मी पटकन म्हटलं, "बयालीस."

अनिश आता नाही, हे त्या क्षणी मला आठवलंच नाही. नेहाताई दुकानाच्या पायरीवर बसून रडली. मी मात्र रंग निवडत राहिले.

स्वेटर घेतलाय. बाबांना सैल होईल. तरी त्यांना घालू द्या, कपाटात ठेवू नका.

सोमवारी येतोय.

तुमची,
आनंदी