टोचनाची जीप

६ सप्टेंबर ९८, डिंगोरे
सुलभा बसच्या पायरीवर ओले केस झटकत उभी होती. मला म्हणाली, "ओ गॅरेजवालं, चौदाचा पाना हाय का?" तिथंच माझं सगळं बदललं. एस.वाय. अर्धं सोडून मामाच्या गॅरेजात आलो तेव्हा वाटलं होतं, संपलं आपलं. नाही संपलं.
तिचे वडील आबा जत्रेत पाळणे लावतात. पावसाळाभर त्यांची बस मामाच्या रानात उभी आहे. जुनी एस.टी.; सीटं काढून आत खाटा, स्टो, देव्हारा. घरच ते. दसरा झाला की माळशेज उतरून खाली जाणार.

९ सप्टें.
आबा म्हणाले, "बस एकदा जत्रंत लावली की हलत न्हाई. दळण, दवाखाना, समदं पायी. बसमागं एखादी गाडी बांधून न्यायची म्हंतो. तू शिकल्याला, तू सांग कुठली."
दोन बघितल्या. निमगाव सावाची छोटी कार: हलकी, पुढची चाकं ट्रॉलीवर चढवली की मागं कुणी बसायला नको. ओतूरची जीप: जड, दांडी लावून टोचन करायची, आणि स्टेअरिंगला माणूस पाहिजेच.
माणूस पाहिजेच. दिवसभर डोक्यात तेवढंच.

१० सप्टें.
"जीप घ्या," म्हणालो. रस्ते खराब, जीप दणकट, असं बरंच काही.
आबा गेल्यावर मामा: "बसचं ब्रेक बघितलंस का? कॉलेज सोडलं, अक्कल बी तिथंच ठिवून आलास व्हय?"
पाना आपटून बाहेर पडलो.

१९ सप्टें.
आबांनी जीप आणली. आज डिंभ्यापर्यंत ट्रायल. आबा बसवर, मी मागं जीपमध्ये. सु. बसच्या मागच्या काचेतून मला वेडावून दाखवत होती. चढ मजेत गेला.
उतारावर जीप बसला ढकलायला लागली. मी ब्रेकवर अक्षरशः उभा, तरी दांडी करकरत होती. बस एका अंगाला ओढली. काचेतलं सु.चं हसू गेलं. तिनं दोन्ही हात काचेवर टेकवले.
खाली थांबून बघितलं. दांडीची पिन वाकलेली. आबा म्हणाले, "बदल की, झालं!"
बदलली. गप्प बसलो. बोललो तर जीप जाते, आणि जीप गेली तर मीही.

२७ सप्टें.
आबांनी बघितलं. काही नाही, जीपमध्ये नुसते बसलो होतो. तिचा हात माझ्या हातात.
"पावणं, तुमचं काम झालं. मागं आमची सुली बसंल. स्टेरिंग धरता येतंय तिला."
डोकंच फिरलं. सगळ्यांसमोर ओरडलो, "माझ्याबिगर ही गाडी माळशेज उतरायची न्हाई! बघून घ्या!"
सु. तिथंच उभी होती.

३० सप्टें.
आज शांतपणे गेलो. आबा, जीप राहू द्या, ती कार घ्या. बसचे ब्रेक एवढा भार धरणार नाहीत, घाटात तर...
आबा हसले. "परवा शाप दिलास. आज त्योच गोड करून देतोस व्हय?" मामा मध्ये बोलला तर म्हणाले, "तुमी भाच्याचीच वढणार."
सु.ला गाठलं. "जीप तूच निवडलीस ना? तवा कुठं गेल्तं ह्ये ग्यान?"
खरं ते सांगितलं. तुझ्या मागं बसायला मिळावं म्हणून.
मग म्हणाली, "आता आबा तुजं काय बी ऐकायचं न्हाईत. आन मी तरी का ऐकू?" आत गेली.

२ ऑक्टो.
दसरा झाला. बसला झेंडूचं तोरण, जीपलाही. सु. जीपमध्ये बसून स्टेअरिंग हलवून बघत होती. पाय ब्रेकला पोचत नाहीत. पाठीशी उशी घेतली, तेव्हा जेमतेम टेकले.
आबा लांबून म्हणाले, "जमलं बघ!"

३ ऑक्टो., सकाळ
बस सुरू झाली. धूर गॅरेजपर्यंत येतोय. मामा चहा ठेवून म्हणाला, "जाऊ दे रं. त्यांची लेक, त्यांची गाडी."
जीपमधली ती स्टेअरिंगची जागाच पाहिजे होती मला. अजूनही तीच पाहिजे, पण आता तिला उठवून. आबांचे पाय धरीन. नाही ऐकलं तर मार खाईन, पण स्टेअरिंग सोडणार नाही. मी बसलो म्हणून दांडी टिकेल असंही नाही, ते डिंभ्यालाच...
भोंगा वाजला. परत वाजला.
वही खाटेवर टाकतो. निघालो.