खाटकाच्या ताटात सोयाबीन

३ फेब्रुवारी

बाबा आले. हातात एक बॅग, आणि चेहरा असा, की माझ्या घरावर उपकार करायला आलेत!

झटक्यानंतर हृदय सावरलंय, माणूस मात्र वाळलाय. जन्मभर मटणाचं दुकान चालवलेला गडी. डॉक्टरीणबाईंनी लाल मांस कमी करा म्हटलं, तर यांनी जेवणच कमी केलं. एकट्याच्या घरात चहा-टोस्टवर दिवस काढत होते.

बाई म्हणाल्या, "अंगात ताकद आली की खुशाल आपल्या घरी जा. तोवर लेकीकडे. आणि जेवणात सोयाबीन घ्या, प्रथिनं मिळतील."

बाबा : "म्हणजे मला गुरांत जमा केलंत!"

४ फेब्रुवारी

सोयाच्या वड्या. गरम पाण्यात भिजवल्या, घट्ट पिळल्या, कांदा-टोमॅटोच्या रश्शात सोडल्या. बाबांनी एक काट्याला टोचून उजेडात फिरवली.

"हा कुठला भाग? मान, मांडी की खांदा?"

"बाबा, सोयाबीनला खांदा नसतो."

"तेच म्हणतो! हाड नाही, चरबी नाही. असला माल विकला असता, तर गिऱ्हाइकांनी मलाच आकड्याला टांगलं असतं."

मीही काही ऐकून घेणाऱ्यातली नाही. दर आठवड्याला पेपरात लोकांची सालं काढते, ते कुणाच्या वळणावर गेले म्हणून? म्हटलं, "आता तुम्ही गिऱ्हाईक. मुकाट्याने गिळा." मुकाट्याने कसलं! पण ताट रिकामं झालं.

७ फेब्रुवारी

टोफू केला. "साबण वाढलास, टॉवेल कुठाय?"

१२ फेब्रुवारी

अतिशहाणपण माझं. पावाच्या पिठात निम्मं सोयाचं पीठ घातलं. ओव्हनमधून वीट निघाली— सरळ वीट! नवऱ्याने ती न बोलता सूपमध्ये भिजत घातली. वीस वर्षं संसारात टिकलेला माणूस आहे तो. बाबा म्हणाले, "दार वाऱ्याने आपटतं ना? लाव खाली."

डॉक्टरीणबाईंना फोन केला, तर त्या हसत सुटल्या. "अहो, ते काय औषध आहे का, की जास्त घातलं तर लवकर बरं वाटेल? मूठभर पीठ पुरे. कधी सोयाचं दूध, कधी टोफू. बाकी भाज्या, डाळी, फळं आहेतच की!"

खरंय. जिथे जिभेलाच प्रमाण नाही, तिथे हाताला कुठून येणार?

१८ फेब्रुवारी

लेख द्यायचा होता. बाबांचं ताट टेबलावर ठेवून खोलीत बसले. बाहेर येऊन बघते तर ताट जसंच्या तसं.

"आवडलं नाही?"

"भूक नव्हती."

एक टोमणा नाही! मी दचकलेच. गरम करून वाढलं आणि समोर बसले. "हा रस्सा की रंगाचं पाणी?" म्हणाले, तेव्हा कुठे हायसं वाटलं.

२ मार्च

टोफू परतून त्यावर मिरपूड. "साबण आता जरा भाजलेला लागतो." कौतुक समजायचं का?

६ मार्च

वजन वाढलं. दवाखान्याचा जिना बाबा न थांबता चढले, आणि मागे वळून माझ्याकडे असे बघतायत, जसं काही मीच पेशंट! बाई म्हणाल्या, "आता घरी जायला हरकत नाही."

आल्या आल्या बाबांनी बॅग भरली. मी म्हटलं, "वड्या किती वेळ भिजवायच्या, सांगा बरं." म्हणाले, "हो हो, येतं मला." काही येत नाही!

बरंच झालं. घर मोकळं होईल. लेख वेळेवर जातील. रोजची कटकट टळेल. मी खूश आहे— इथे लिहून ठेवते, म्हणजे मलाही पटेल.

७ मार्च

झटका आल्यापासून बाबांना चवच लागत नाही. कशाचीच! दारात बूट घालता घालता, पाऊस पडतोय म्हणावं तसं सांगितलं.

"मग रोज नावं कशाला ठेवत होतात?"

"तू समोर बसून भांडायचीस. त्या नादात चार घास जायचे."

उद्या आधी डॉक्टरीणबाईंना सांगायचं.

बॅग मी उचलली. आत नेऊन ठेवली.