संयोगिताची झोप

चिरंजीव मानसिंगास,

आदी गाडीतनं उतरली ती संयोगिताच्या शाळंची थोरली बाई, मागनं स्ट्रॉबेरीची पेटी घिऊन डायवर. पाचगणीवरनं पार सांगलीपतुर! सारी आळी दारात गोळा झाली. मला लय आनंद झाला, बघ. स्ट्रॉबेरी मातर आंबट.

तुझी लेक संयोगिता शाळंतनं रजा काढून आलीय. तिथं दिवसा शिकवती, रातच्याला वसतिगृहातल्या पोरी सांभाळती. आल्यापास्नं नुसती झोपती, जेवाय उठवलं तर रडती.

बाई म्हणाली, "आजी, तिच्याबिगर शाळा अडलीय."

मी गर्वानं फुगले. खणा-नारळानं बाईची ओटी भरली आन् बोलून गेले, "पोरगी तुमच्या पदरात घातली. घिऊन जावा."

संयोगिता दारातच हुबी हुती, नोकरी सोडते म्हणून सांगाय आलेली. ते मला मागनं कळलं. तवा निस्ती म्हणाली, "आज्जीनं शब्द दिलाय, मॅडम. येते."

गाडी गेल्यावर म्हणाली, "आज्जे, तू तरी मला ऱ्हा म्हणशील वाटलं होतं."

ओटी भरून दिलेला शब्द मागं कसा घिऊ रं? हे पत्र धाडत न्हाई. पलटणीत तुला घोर नको. पोरगी भिताडाकडं तोंड करून पडलीय, आता झोपत बी न्हाई. सोमवारी न्यायला येतो म्हणाल्यात.

तुझी आई,
बनुबाई