सभेची मोटारसायकल

१२ मे २०२४
चंद्रपूरहून आत्ताच परतलो. डोकं अजून तापलेलंच! ग्रामसभेला गावातल्या दुखणेकऱ्यांसाठी मोटारसायकल घ्यायची आहे. गावापासून अकरा किलोमीटर जंगलातली वाट, तीन नाले, मग आलापल्लीच्या दवाखान्यापर्यंत डांबरी. दोन्हीकडे चालेल अशी हवी. शोरूमवाला म्हणतो, "भाऊ, जंगलातले लोकं येवढी भारी गाडी घेऊन काय करतीन? साधी घ्या नं!"
जंगलातले लोकं! तिथेच अर्धा तास बोललो. मॅनेजर पाणी घेऊन आला. प्यायलो नाही.

१३ मे
साध्या गाडीचं पोट नाल्यातल्या दगडांना घासतं. उंच गाडीच हवी. यात चर्चा कसली?

१९ मे
चर्चा झाली! किराणा दुकानवाला गुणवंतराव अडून बसला. "लांब सीटवाली साधी घ्या. बिघडली तं आपला झिंगू बी सुधरवते. तुमची ते उंटावानी गाडी कोन चालवंल?" सगळे हसले.
मी उभा राहिलो. "ज्यांनी तुम्हाला इतकी वर्षं रस्ता दिला नाही, त्यांच्या गुळगुळीत रस्त्यासाठी बनलेली गाडी घेणार?" तिथून जो सुटलो! शेवटी टाळ्या.
आमच्या सभेत मतदान नसतं. शेवटचा माणूस हो म्हणेपर्यंत ठराव होत नाही. लोकशाहीवरची जाड जाड पुस्तकं वाचून हा नियम मीच लिहून दिलाय. बायका भिंतीकडेला बसल्या होत्या. कुणी नाही म्हटलं नाही. ठराव लिहिला, सह्या-अंगठे घेतले.

२८ मे
गाडी आली. तिन्ही नाले पाय न टेकवता पार! डांबरीवरही सुसाट. गुणवंतरावाच्या दुकानासमोरून दोनदा नेली.

६ जून
सकाळी हरिदास धावत आला. त्याच्या बायकोला, कमळाबाईंना, कळा सुरू झालेल्या. गाडी काढली. त्यांना पाय वर टाकताच येईना. सीट त्यांच्या कमरेच्याही वर! दोघांनी उचलून बसवलं. मागे वीतभर जागा, गुडघे पोटाला टेकले. किंचाळल्या. उतरवलं.
मग बाज उलटी केली, बांबूला बांधली. चौघांनी खांद्यावर घेतली. मी रिकामी गाडी घेऊन मागे.
सोबत दाई वच्छलाबाई. चालता चालता म्हणाल्या, "त्या दिवशीच सांगाचं होतं मले. पोटुशी बाई यावर कशी बसंल मनून."
"मग काऊन नाही बोललात?" मी ओरडलोच.
"तुमी थांबाल तवा बोलू नं, भाऊ."

७ जून
मुलगी झाली. तिसऱ्या नाल्याच्या काठावर. दवाखान्यातून निरोप आला, दोघी बऱ्या आहेत.
शोरूमवाला, गुणवंतराव, सरकार. एकेकावर चिडून पाहिलं. जमेना.

९ जून
सभा. आज पहिल्यांदा वच्छलाबाई बोलल्या. ठेंगणी, लांब सीटची गाडी घ्यावी. सगळे हो म्हणाले.
"अन् हे उंचवाली?" हरिदासने विचारलं.
"भाऊलेच देऊन टाका," त्या म्हणाल्या. "भाषनाले जाले कामी येईल."