बरणीवरचं लेबल कोणत्या पिशवीत?

तीर्थस्वरूप वन्सं यांस,

शिरसाष्टांग नमस्कार. (गुडघा वाकत नाही, म्हणून कागदावरच.) तुमचा रक्तदाब ताब्यात असेल. माझा सोमवारपर्यंत होता.

सोमवारी आमच्या कचरावाल्या बाईंनी माझ्या दारावर लाल चिठ्ठी चिकटवली. 'वर्गवारी चुकीची'! मला! टपालात एकतीस वर्षं मी वर्गवारीच केली, एक पत्र भलत्या खान्यात गेलं नाही. कॉन्व्हेंटमध्ये तर सिस्टर पेन्सिल तासल्याचा भुगासुद्धा वेगळ्या डब्यात टाकायला लावत. गुन्हा काय, तर तुमच्या जामची शेवटची बरणी मी काचेच्या कचऱ्याच्या पिशवीत जशीच्या तशी ठेवली. "आजी, बरणी विसळायची, झाकण वेगळं, लेबल काढायचं. आणखी एक चिठ्ठी झाली की तुमचा कचरा उचलणं बंद." (आजी म्हणे! बाई स्वतः पन्नाशीच्या आहेत.)

आता लेबल काढायचं म्हणजे तुमचं अक्षर काढायचं. तीन वर्षांपूर्वी मी जामला 'जरा जास्तच गोड' म्हणाले, तेव्हापासून तुमची ना बरणी आली ना पत्र. घरात तुमचं म्हणून तेवढंच अक्षर उरलं होतं. तरी नियम तो नियम. बरणी कोमट पाण्यात बुडवली आणि सिंकपाशी स्टूल ओढून बसले. खिडकीतलं ऊन पाण्यात उतरलं होतं. लेबलाचा एक कोपरा सुटला, मग दुसरा, आणि 'स्ट्रॉबेरी'तली तुमची ती ऐटबाज वेलांटी हळूहळू डुलायला लागली. वाटलं, तुम्ही पाण्याखालून काहीतरी लिहिताय आणि मला वाचायची मुळीच घाई नाही. कचऱ्याची गाडी आली, भोंगा वाजला, गेली. दुसऱ्या दिवशीही तेच. (पाणी बदललं होतं, उगाच शंका नको.)

तिसऱ्या दिवशी बाईंना दारातच गाठलं. लेबल कोणत्या पिशवीत?

"कागदात ओलं चालत नाही."

वाळवलंय.

"मागे गोंद आहे, तोही चालत नाही."

मग ओल्या कचऱ्यात?

"तिथे शाई नको. एवढं कोणाचं आहे ते?"

नणंदेचं, म्हटलं.

"मग ठेवा की घरात! मी काय आत बघायला येणार आहे?"

ठेवलंय, खिडकीच्या काचेवर. सकाळी उन्हाने तुमचं अक्षर ओट्यावर उलटं उमटतं. चहा थंड होईपर्यंत मी ते वाचत बसते.

लहानांना आशीर्वाद. मोठ्या आता तुम्हीच उरलात, म्हणून तुम्हाला पुन्हा नमस्कार.

आपली,
भावजय

ता. क. धुतलेली बरणी सोबतच्या खोक्यात आहे. कचरा रिकाम्या बरणीला म्हणतात, भरलेलीला नाही, हे मी बाईंना दोनदा विचारून घेतलं.

पुन्हा ता. क. 'जास्तच' मागे घेते. 'जरा' राहू द्या. आणि लेबल नवं लिहा, जुनं मी देणार नाही.