गुस्टाफ लोहाराचा दुसरा गाल

ओहायो, थँक्सगिव्हिंगनंतरचा सोमवार

तीर्थरूप हेन्रिएटाताईस,

धाकट्या अ‍ॅम्ब्रोजचा, मान वळत नसल्यामुळे थोडा तिरकाच, नमस्कार. भाऊजींचा दमा कसा आहे? तू पाठवलेला पीचचा मुरांबा पोचला. तो फुटबॉलच्या पोरांनी खाल्ला, बरणी मला मिळाली.

इथे माझं बरं चाललंय म्हणायचं. प्राचार्य क्रँडलसाहेबांच्या मते प्रशिक्षक म्हणजे गवतावरच्या गाई हाकलणारा माणूस. त्यांनी बजावलं होतं, की नदीपलीकडच्या कॉलेजला हरवलं तर पुढल्या वर्षी नोकरी पक्की, पण लबाडी दिसली तर त्याच दिवशी घरी. (घर म्हणजे तुझी माळ्यावरची खोली, आणि न्याहारीपासून भाऊजींची प्रवचनं. तेव्हा माझी अवस्था ओळख.)

त्यात आमच्या सर्वांत दांडग्या पोराला त्याच्या आईनं हात धरून घरी नेलं. मग या भागातली सगळी कॉलेजं करतात तेच मी केलं. गावच्या गुस्टाफ लोहाराचं नाव विद्यार्थी म्हणून घातलं, तेही धर्मशास्त्राला, कारण त्या वर्गात कुणीच फिरकत नाही. पण हा बाबा सरळमार्गी. नाव घातलंय म्हणून रोज वर्गात जाऊन बसला, आणि सामन्यापर्यंत पार भाविक झाला.

सामना सुरू होताच चेंडू पोटाशी धरून सगळी पोरं गुस्टाफच्या मागून मुसंडी मारून निघाली. समोरचा गडी दिसताच गुस्टाफ थांबला आणि त्याची ख्यालीखुशाली विचारू लागला. मागची दहाही पोरं त्याच्यावर कोसळली. बाहेरून खेळाडूंना काही सांगायची नियमानं बंदी, म्हणून मी पाण्याची बादली घेऊन आत धावलो आणि त्याच्या कानाशी लागलो, "गुस्टाफ, बाबा रे, आडवा कर त्याला."

"मास्तर," तो शांतपणे म्हणाला, "गाल पुढे करायचा तो माझा. त्याला कसा हात लावू?"

ताई, मला रडू आलं. पण पलीकडच्यांना चेव चढला. जो तो येऊन त्याच्या जबड्यावर ठोसा मारी, आणि हा दुसरा गाल पुढे करी. लोहाराचा जबडा तो. एकेक गडी मनगट धरून बाहेर गेला, आणि बाहेर गेलेल्याला परत घेत नाहीत. शेवटी त्यांच्याकडे माणसंच उरेनात, आणि आमच्या किरकोळ पोरांनी चेंडू रेषेपार नेला. हा खरा विद्यार्थी नव्हे, अशी त्यांनी तक्रार केली. तर धर्मशास्त्राचे म्हातारे प्राध्यापक काठी आपटत पुढे आले. "माझ्या वर्गात येणारा हा एकटाच आहे," ते म्हणाले. विजय आमचा ठरला.

तुझा,
अ‍ॅम्ब्रोज

ता. क. खरं काम राहिलंच. आपलं नाव कसं घातलं गेलं, हे गुस्टाफ येत्या रविवारी प्राचार्यांना सांगणार आहे. मन खातं म्हणे. भाऊजींना सांग, तार करून त्याला लगेच तिकडे प्रवचनाला बोलवा. माझी नोकरी तुझ्या हातात आहे.

ता. क. २. पत्र टपालात टाकायला तोच नेतोय. फार गुणी माणूस.

(पाकिटाच्या पाठीवर, जाड अक्षरात) ताईसाहेबांस गुस्टाफचा नमस्कार. रविवारपर्यंत धीर धरवेना, म्हणून वाटेत प्राचार्यांना सांगून आलो. मास्तरांना अजून ठाऊक नाही. ते सारखे सांगतात ती माळ्यावरची खोली झाडून ठेवावी.